बाकड्यावरचे नवरे

माझी बायको प्रेमिला गेल्याचं कळलं त्या दिवशी आमच्या तलावात मोठं जाळं लागलं होतं. उन्हाळ्याच्या तोंडी पाणी कमरेपर्यंत उतरलं की आमची मच्छीमार सोसायटी हे जाळं टाकते, आणि गावातला प्रत्येक ढिवर त्या दिवशी दोरीला असतो. अर्धे या काठाला, अर्धे त्या काठाला, आणि मधे पाण्यात उभे राहून ओरडणारे आमचे अध्यक्ष भैयाजी. जाळं जड लागत होतं, म्हणजे मासा भरपूर होता, आणि आम्ही सगळे खुशीत होतो. सुकलू कावीळ होऊन घरी पडला होता. त्याच्या जागी त्याची बायको दोरीला आली होती. भैयाजी तिला म्हणत होते की सुकलूपेक्षा तूच बरी ओढतेस, त्याला अजून महिनाभर झोपू दे. आमच्याकडे आजारी माणसाचा वाटा निघतो. तो दोरीला नसला तरी त्याचं नाव कोणी कापत नाही. ही रीत माझ्या आजाच्याही आधीची आहे.

तेवढ्यात पारीवर, तलावाच्या बांधावर, दवाखान्याची जीप आली. तिच्यातून इंदुताई उतरल्या. त्या आमच्या भागातल्या सगळ्या नर्सबायांवरच्या मोठ्या बाई. दरवर्षी जाळं निघालं की त्या मरळ घ्यायला यायच्या, म्हणून मी दोरी न सोडताच हसून म्हटलं, ताई, जरा थांबा, तुमची मरळ मीच निवडून देतो. त्या थांबल्या नाहीत. पायातल्या चपला न काढता चिखलात आल्या. प्रेमिला कोणाला कधी चिखलात चपलेने जाऊ द्यायची नाही, ते मला तेव्हा आठवलं, का आठवलं ते माहीत नाही.

"इस्तारीभाऊ, दोरी सोडा," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, जाळं अर्ध्यावर आहे. तेव्हा त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि सांगितलं. उपकेंद्राच्या क्वार्टरमध्ये प्रेमिलाने आपला जीव दिला होता. सकाळी लसीचा डबा न्यायला आलेल्या माणसाने पाहिलं. माझ्या हातातली दोरी कोणी घेतली ते मी पाहिलं नाही. नंतर कळलं की भैयाजींनी स्वतः घेतली आणि जाळं शेवटपर्यंत ओढून आणलं, कारण अर्ध्यात सोडलं असतं तर सगळा मासा मेला असता. त्यांनी बरोबर केलं.

प्रेमिला सिंदेवाहीच्या पुढच्या एका उपकेंद्रावर नर्स होती. क्वार्टर तिथेच. मी आठवड्याला मासे घेऊन जायचो, सुटीला ती यायची. आमची मुलगी पायल लग्न होऊन कोरपन्याला गेलेली. दोन वर्षांपूर्वी एक पहिलटकरीण बैलगाडीतून तालुक्याच्या दवाखान्यात नेताना वाटेतच प्रेमिलाच्या मांडीवर गेली. रक्त थांबलं नाही. गाडी होती, रस्ता नव्हता. त्यात प्रेमिलाची चूक नव्हती, चौकशीतही तसंच निघालं. पण तिची झोप गेली. जेवताना घास हातात धरून बसायची. गाडीच्या चाकाचा आवाज आला की उठून दाराशी जायची. मी म्हटलं, चंद्रपूरला मनाचे डॉक्टर आहेत, चल. ती म्हणाली, मी नाही येणार.

कारण असं होतं. नर्सला दर पाच वर्षांनी मुंबईच्या कचेरीत आपली नोंदणी नवी करून घ्यावी लागते. नोंदणी नाही तर नोकरी नाही. त्या अर्जात एक प्रश्न छापलेला होता: सध्या मानसिक आजारावर उपचार चालू आहेत काय? त्याच्यापुढे हो लिहिलं की नोंदणी अडकते, असं सगळ्या नर्सा एकमेकींना सांगत. कोणाची अडकली होती, ते कोणालाच माहीत नव्हतं. पण सगळ्यांच्या डोक्यात ती गोष्ट पक्की होती.

मग आम्ही दोघांनी ठरवलं. डॉक्टरकडे मी गेलो, माझ्या नावाने. तिला जे होतं ते मला होतं असं सांगितलं. झोप येत नाही, घास गिळत नाही, छातीत धडधडते. मी पोहणारा, दोरी ओढणारा माणूस, तिच्या तब्येतीच्या दुप्पट. डॉक्टरांनी माझी छाती तपासली, नाडी पाहिली आणि म्हणाले, शरीर तर लोखंडासारखं आहे. मी म्हटलं, हो जी, मनच खराब आहे. गोळ्या मिळाल्या. त्या तिने घेतल्या, आणि खरं सांगतो, तिला आराम पडला. ती पुन्हा हसायला लागली. मला म्हणायची, माझ्या रोग्या, औषध संपत आलं, चंद्रपूरला जाऊन ये.

डॉक्टर दर खेपेला एक प्रश्न विचारायचे, मरून जावंसं वाटतं काय. तो प्रश्न मी घरी आणायचो आणि तिला विचारायचो. ती म्हणायची, सांग, नाही म्हणून. मी तसं सांगायचो.

नोंदणीची मुदत जवळ आली तेव्हा तिने गोळ्या बंद केल्या. अर्जावर नाही लिहायचं आणि गोळी पण घ्यायची, हे तिला जमण्यासारखं नव्हतं. ती लसीच्या एका थेंबाचा हिशेब चुकवायची नाही. म्हणाली, आधी बंद करते, मग नाही लिहिते, म्हणजे खोटं होणार नाही. एकदम बंद केल्या. जाळ्याच्या दिवशी इंदुताई पारीवर आल्या तोपर्यंत तिचा अर्ज पोस्टात पडला होता.

दिवस-पाणी झाल्यावर उरलेल्या गोळ्या रुमालात बांधून मी चंद्रपूरला गेलो. डॉक्टरांना सांगायचं होतं की आता माझ्यासाठी लिहू नका. दवाखान्यात बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून लांब बाकडं होतं. तिथे गुणवंतराव नावाचे कंपाउंडर टेबलावर बसून रोग्यांची माहिती मोठ्याने विचारायचे, सगळ्या बाकड्याला ऐकू जाईल अशी. माझ्या शेजारी एक रुंद छातीचा माणूस होता. हाताला ग्रीस, खिशाला ड्रायव्हरचा बिल्ला. त्याचा नंबर आला. गुणवंतरावांनी विचारलं, त्रास कधीपासून?

"डिलिव्हरीपासून," तो म्हणाला.

सगळं बाकडं हसलं. गुणवंतरावांनी चष्मा काढून पुसला. तो माणूस लाल झाला आणि म्हणाला, म्हणजे बायकोच्या डिलिव्हरीपासून, खर्चाचं टेन्शन आलं. पुन्हा हसू. मी हसलो नाही. हा पण बायकोचंच दुखणं सांगतोय हे मला कळलं आणि मी उठूनच उभा राहिलो. तो चहा प्यायला बाहेर पडला तसा मी मागे गेलो आणि टपरीवर त्याला सरळ विचारलं.

"तुमची बाई कोणत्या उपकेंद्रावर हाये, भाऊ?"

त्याने माझी कॉलर धरली. म्हणाला, कोण तू, कोणी पाठवलं तुले. मी म्हटलं, मले कोणी नाई पाठवलं. मी पण बायकोच्याच गोळ्या घ्यायला येत होतो. माझी कॉलर सोडून तो टपरीच्या फळीवर बसला. चहावाल्याने दोन चहा दिले, आम्ही मागितले नव्हते तरी.

त्याचं नाव देवानंद. एटापल्ली ते आलापल्ली जीप चालवायचा. त्याची बायको पुनम तिकडच्या एका जंगलातल्या उपकेंद्रावर नर्स होती. मुलगी झाल्यापासून ती भिंतीकडे पाहत बसायची. ड्युटीवर मात्र ताठ. आम्ही दोघं एकाच वेळी बोलायला लागलो. तो म्हणे असंच, मी म्हणे असंच. झोपेचं मी काय सांगायचो, तो काय सांगायचा, डॉक्टरांपुढे तोंड पाडून कसं बसायचो. मध्येच त्याला हसू आलं आणि मलाही आलं, त्या दिवसांत पहिल्यांदा. मग मी त्याला प्रेमिलाचं सांगितलं. त्याने चहा तसाच ठेवला.

आम्ही परत आत गेलो आणि बाकड्याकडे नव्याने पाहिलं. खरा रोगी दाराकडे पाहतो, आपला नंबर कधी येतो म्हणून. आमच्यासारखा माणूस ओठ हलवत बसतो, पाठ केलेलं विसरू नये म्हणून. देवानंदने मला कोपराने ढोसलं. तिकडच्या टोकाचा पांढऱ्या शर्टाचा माणूस ओठ हलवत होता. खिडकीजवळचा एक म्हातारा गृहस्थही. मी त्या म्हाताऱ्याकडे पाहून हात जोडले, तर तो छत्री घेऊन उठला आणि नंबर सोडून निघून गेला.

डॉक्टरांपुढे आम्ही दोघं सोबतच गेलो. मी रुमाल सोडून गोळ्या टेबलावर ठेवल्या आणि सगळं सांगितलं. डॉक्टर रागाने उठले. खिडकीपर्यंत गेले. वाटलं, हाकलून देतील. ते परत येऊन बसले तेव्हा आवाज उतरला होता. त्यांनी एवढंच विचारलं की मरून जावंसं वाटतं काय, याचं उत्तर तू कोणाचं द्यायचास. मी म्हटलं, ती सांगायची तेच.

"तो प्रश्न मी तोंडाकडे पाहून विचारतो, इस्तारी," ते म्हणाले. "उत्तर मागाहून ऐकतो."

मग ते देवानंदला म्हणाले, बाईला घेऊन ये. तिच्या नावाने पेपर काढेन. देवानंद म्हणाला, नाव लिहिलं तर नोंदणी जाईल, आणि माझ्या जीपवर घर चालत नाही. डॉक्टर म्हणाले, नोंदणीचं मला माहीत नाही. मुलगी अंगावर पिते का? देवानंद हो म्हणाला, तशी डॉक्टरांनी त्याच्या हातातली गोळ्यांची जुनी चिठ्ठी काढून फाडली.

त्याच जीपने मी एटापल्लीकडे गेलो. तलावावर कोणाला सांगितलंही नाही. रस्ताभर देवानंद बोलत होता आणि जीप उडवत होता. मला वाटत होतं की आम्ही उशीर करतोय, अजून जोरात चालव. इतके दिवस मी पाय ओढत जगत होतो. त्या दिवशी जाळं जड लागल्यावर येतो तसा जोर अंगात आला होता.

पुनम क्वार्टरच्या दारात बसली होती. मांडीवर मुलगी, डिंपल, आणि समोर भिंत. वयाने पायलएवढीच असेल. मी कोण ते कळल्यावर तिने पदर नीट केला, खुर्ची दिली. सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाली, "तुमाले बोलाले काय जाते जी. तुमचं जे जायचं ते गेलं. माझी नोंदणी जायची हाये."

देवानंद तिला गप्प करायला लागला. मी म्हटलं, राहू दे, खरं बोलली. मग तिला म्हटलं, "हाव बाई. माझं गेलं, म्हणूनच आलो. तुयं हाये अजून."

ती रडली नाही. मुलीच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. मग तिने विचारलं की प्रेमिलाताईंनी गोळ्या कोणत्या दिवशी बंद केल्या. मी सांगितलं. तिने बोटांवर तिथून प्रेमिला गेली तोवरचे दिवस मोजले आणि उठून देवानंदला म्हणाली, जीपमध्ये डिझेल आहे ना.

डॉक्टरांनी तिच्या नावाने पेपर काढला. गुणवंतरावांनी या वेळी माहिती हळू आवाजात विचारली. ती आत खूप वेळ होती. आम्ही दोघं बाकड्यावर, आणि पहिल्यांदा आम्हाला काही पाठ करायचं नव्हतं. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे सुजले होते, पण चाल वेगळी होती. डॉक्टरांनी आधीची गोळी बंद करून मुलीला बाधणार नाही अशी दुसरी दिली होती. पावसाळा लागेपर्यंत ती झोपायला लागली. देवानंद एटापल्लीच्या एसटीडीवरून आमच्या गावच्या किराणा दुकानात फोन करायचा आणि दुकानदाराला निरोप द्यायचा, इस्तारीभाऊंना सांगा, काल भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून पुनमने मला शिव्या दिल्या. दुकानदाराला वाटायचं हा वेडा आहे. मला तो निरोप दिवसभर पुरायचा.

आणि मग तिच्या नोंदणीची मुदत आली.

त्या वर्षी मुंबईच्या कचेरीने आमच्या आणि पुनमच्या अशा दोन्ही जिल्ह्यांतल्या नर्सांसाठी चंद्रपूरलाच कॅम्प ठेवला, म्हणजे कोणाला मुंबईला जावं लागू नये. एका लग्नाच्या हॉलमध्ये टेबलं मांडली होती. सिरोंचापासून नागभीडपर्यंतच्या बाया आल्या होत्या. पांढऱ्या साड्या, कडेला मुलं, डबे, हसणं, एकमेकींच्या बदल्यांच्या गोष्टी. पुनम रांगेत होती आणि डिंपल माझ्याकडे. देवानंद तिला तिसऱ्यांदा सांगून आला की नाही लिही, गोळी तुझ्या पोटात आहे, अर्जाला काय दिसतं. तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. रांग पुढे सरकत होती आणि देवानंदच्या कपाळावर घाम येत होता. माझ्याही. तिने हो लिहिलं आणि नोंदणी गेली, तर तिला जीपमध्ये घालून चंद्रपूरला आणणारा मीच होतो.

रांगेजवळ इंदुताई उभ्या होत्या. आपला अर्ज त्यांनी सकाळीच दिला होता आणि आता बाकीच्यांना ओळीत लावत होत्या. त्यांना मी सगळं सांगितलं होतं. त्या माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, पोरीला सांगा, नोकरी आधी वाचव. मला नवल वाटलं. इंदुताईंसारखी खंबीर बाई मी पाहिली नव्हती. प्रेमिला म्हणायची, त्यांना ताप आला तरी तो विचारून येतो.

पुनमचा नंबर आला. क्लार्कने अर्ज घेतला, बोट फिरवत खाली आला आणि थांबला. म्हणाला, बाई, इथे चुकून हो लिहिलंय, दुसरा कोरा देऊ का. पुनम म्हणाली, चुकून नाही. सोबत डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, ही बाई कामाला योग्य आहे म्हणून.

त्याने अर्ज उचलून मागच्या टेबलावर मुंबईच्या मॅडमपुढे ठेवला. मॅडमनी वाचला आणि बाजूला सारला. म्हणाल्या, हा समितीपुढे जाईल. पुनमने विचारलं, समिती कधी बसते. मॅडम म्हणाल्या, बसेल तेव्हा. पुनम म्हणाली, आणि तोपर्यंत मी लस टोचू की नको टोचू? मॅडमनी पुढचा अर्ज ओढला.

मला राहवलं नाही. मी डिंपलला घेऊन टेबलाजवळ गेलो आणि मॅडमना आमच्या तलावाची रीत सांगायला लागलो. आजारी माणसाचा वाटा कसा निघतो, सुकलू, कावीळ, दोरी. मला बोलता येत नाही, मी भलतीकडेच गेलो, मरळ किती मोठी होती तेही सांगून बसलो. मॅडमनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, भाऊ, मासे वेगळे आणि पेशंट वेगळे. रांगेतल्या दोघी-तिघी हसल्या. त्यात डिंपलने माझा शर्ट ओला केला. मी बाजूला झालो.

पुनम मात्र जागची हलली नाही. तिचा आवाज चढलाही नाही.

"मॅडम, मागच्या साली मी गोळी घेत नव्हती. तवा मी लसीचा डबा उघडून काय करायचं तेच विसरून जात होती. तवा माझी नोंदणी चालू होती. आता मी नीट झोपून राह्यली, माझा हात नाई कापत. आता बंद करता?"

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. तोंडाकडे, डॉक्टर पाहतात तसं. मग त्यांनी नियमांचं पुस्तक मागवलं. पानं उलटली, मागे गेल्या, पुढे गेल्या. क्लार्कही वाकून पाहत होता. शेवटी त्या म्हणाल्या की उपचार घेणाऱ्याची नोंदणी थांबवा असं यात कुठे नाही. काम करायला लायक नसेल तर थांबवा, असं आहे. क्लार्क म्हणाला, पण मॅडम, हो आलं की बाजूला ठेवायचं, अशी पद्धत आहे. मॅडमनी विचारलं, आजपर्यंत किती बाजूला ठेवले? तो डोकं खाजवत म्हणाला, माझ्या वेळेपासून हो कोणी लिहिलंच नाही.

हॉलमध्ये कुजबूज पसरली. एवढी वर्षं सगळ्या ज्याला भीत होत्या, ते घडलंच नव्हतं, कारण घडू द्यायची कोणाची छाती झाली नव्हती. मी प्रेमिलाचा विचार केला आणि डिंपलला दुसऱ्या कडेवर घेतलं.

मॅडम हॉलच्या ऑफिसात जाऊन मुंबईला फोन लावायला लागल्या. लाईन लागत नव्हती. लागली तर तुटत होती. दार उघडं होतं आणि सगळ्या बाया दाराकडे कान देऊन उभ्या. हो सर. नाही सर. दाखला आहे सर. नियमात तसं नाही सर. देवानंदने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की हात बधिर झाला. मॅडमनी फोन ठेवला आणि बाहेर आल्या.

"ते म्हणतात, तुम्हीच बघा," त्या म्हणाल्या. स्वतःशीच हसल्या थोड्या. मग पेनाचं टोपण काढलं आणि पुनमच्या अर्जावर आपल्या हाताने लिहिलं की वैद्यकीय दाखला पाहिला, काम चालू ठेवण्यास हरकत नाही. खाली सही, सहीवर शिक्का. अर्ज बाकीच्या अर्जांच्या गठ्ठ्यावर ठेवला. बाजूला नाही, गठ्ठ्यावर.

देवानंद हॉलच्या बाहेर पळत गेला. तिथे जाऊन त्याने काय केलं माहीत नाही, पण जीपचा हॉर्न बराच वेळ वाजत होता. रांगेतल्या बाया पुनमच्या पाठीवर थापा मारत होत्या. डिंपल घाबरून रडायला लागली आणि पुनमने तिला माझ्याकडून घेतलं.

तेव्हा इंदुताई टेबलाजवळ गेल्या. क्लार्कला म्हणाल्या, माझा सकाळचा अर्ज काढून दे. तो म्हणाला, तुमचा झाला ताई, गठ्ठ्यात खाली गेला. इंदुताई म्हणाल्या, खालून काढ. त्याने कुरकुरत काढला. त्यांनी पेन मागितलं, नाही खोडलं आणि वर हो लिहिलं. मॅडम म्हणाल्या, बाई, उगाच हिच्या सोबतीला म्हणून लिहू नका. इंदुताई म्हणाल्या, "उगाच नाई लिवून राह्यली, मॅडम. माझा माणूस बाहेर उभा हाये, त्याले इचारा."

हॉलच्या दारात एक म्हातारा गृहस्थ उभा होता, हातात छत्री. डॉक्टरांच्या बाकड्यावरून नंबर सोडून उठून गेला होता तोच. या खेपेला त्याने मला पाहून हात जोडले.

त्यानंतर टेबलापुढे जी गर्दी झाली ती क्लार्कला आवरेना. कोणी म्हणे माझा अर्ज परत द्या, कोणी म्हणे मला कोरा द्या. एक जण म्हणाली, माझा भाऊ जातो. दुसरी म्हणाली, माझा सासरा जातो, त्याला तर ऐकूच येत नाही, डॉक्टर काय विचारतात आणि तो काय सांगतो देवच जाणे. सगळ्या हसल्या. क्लार्क मॅडमना म्हणाला, आज हे संपणार नाही. मॅडम म्हणाल्या, चहा सांगा. आणि जिच्याजवळ दाखला नव्हता तिला त्यांनी डॉक्टरांचा पत्ता विचारून घ्यायला सांगितलं. डॉक्टरांचा पत्ता सांगायला मीच उभा राहिलो. बाकड्याच्या बाजूने सरळ आत जा, गुणवंतरावांना सांगा हळू बोला, असंही सांगितलं.

पुनमचं नवं प्रमाणपत्र दिवाळीच्या आधी एटापल्लीला पोचलं. देवानंदने किराणा दुकानात फोन करून निरोप दिला आणि दुकानदाराने तो तलावावर धावत येऊन दिला, कारण आता त्यालाही गोडी लागली होती. इंदुताईंचंही आलं. काहींचं अजून समितीपुढे आहे आणि त्या बाया आपापल्या उपकेंद्रावर कामाला जात आहेत. छापील अर्जावर तो प्रश्न मात्र आहे तसाच आहे. मॅडमनी मुंबईला लिहिलं, इंदुताईंनी लिहिलं, उत्तर आलं नाही.

आणखी एक गोष्ट आहे. डॉक्टरांकडे दोन वर्षांचा जो पेपर आहे, त्यावर रोगी म्हणून माझं नाव आहे. ते म्हणाले, ये, आपण तो नीट करू, तिच्या नावाने. मी दोनदा चंद्रपूरला गेलो, दोन्ही वेळा बाकड्यावर बसलो आणि नंबर यायच्या आधी परत आलो. प्रेमिलाचं नाव त्या पेपरावर लिहायचं अजून राहिलं आहे.